डाव्या हाताने लिहिणारे जोतीराव आणि आपल्या वस्तीतला लकवा

११ मे १८८८ रोजी मुंबईत जनतेने जोतीराव फुले यांना ‘महात्मा’ ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. ज्या हाताने ‘गुलामगिरी’ लिहिली, ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तो हात निकामी झाला. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. पण मेंदूवरच्या या घाल्यावर त्या काळी जगात कोणाकडेच खात्रीचा इलाज नव्हता. जोतीराव मात्र थांबले नाहीत. डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले; पुस्तक १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले.

१८८८ मध्ये इलाज नव्हता. आज आहे. तरीही आपल्या वस्त्यांमधली कर्ती माणसे कायमची खाटेला का खिळतात? कारण इलाजाचे तास आपण घरातच घालवतो. ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतो. कोणी म्हणते बाहेरची बाधा आहे, देवऋषी बोलवा. कोणी म्हणते कबुतराचे रक्त चोळा. कोणी रुग्णाला पांघरूण घालून झोपवते आणि सकाळची वाट पाहते. सकाळ होते, पण वेळ निघून गेलेली असते.

हे वारे नाही आणि बाधाही नाही. मेंदूला रक्त नेणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. बहुतेक रुग्णांत गुठळी असते. रक्त थांबले की दर मिनिटाला मेंदूच्या लाखो पेशी मरतात आणि मेलेली पेशी परत येत नाही. मेंदूची डावी बाजू शरीराचा उजवा भाग चालवते. बहुतेकांची वाचाही तिथेच असते. म्हणून उजवे अंग गेले की पुष्कळदा बोलणेही जाते. पुष्कळदा माणसाला समजत असते, शब्द मात्र सापडत नाही. त्याला वेडा ठरवू नका.

ओळखायचे कसे? रुग्णाला हसायला सांगा. तोंड एका बाजूला वाकडे होते का? दोन्ही हात वर करायला सांगा. एक हात खाली पडतो का? साधे वाक्य बोलायला सांगा. जीभ अडखळते का? यातले एकही अचानक दिसले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवा. पाणी, चहा, औषध, काहीही तोंडात घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाते. जिथे सीटी स्कॅन आहे अशाच रुग्णालयात न्या. कारण गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही आणि एकाचे औषध दुसऱ्याच्या जिवावर बेतते.

गुठळी असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन आहे; पण ते पहिल्या साडेचार तासांतच द्यावे लागते आणि जितके लवकर तितका गुण जास्त. मोठ्या वाहिनीतली गुठळी नळी घालून बाहेर काढता येते. २०१५ पासून हा उपचार सिद्ध झाला आहे, पण तो मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांतच मिळतो. मग तालुक्याच्या रुग्णाने काय करायचे? जिल्हा रुग्णालयात रात्रीही स्कॅन चालू आहे का, इंजेक्शन आहे का, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी निवेदनात लिहिला पाहिजे. तो आपल्या जगण्याचा प्रश्न आहे.

जीव वाचला म्हणजे काम संपले असे नाही. पहिले काही महिने व्यायामोपचाराचे, अर्थात फिजिओथेरपीचे असतात. मेंदूचा शाबूत भाग नवे शिकू शकतो. रुग्णाला कोपऱ्यातल्या खाटेवर टाकून ‘नशीब’ म्हणणे हा त्याच्यावर दुसरा घाला आहे. रोज हातपाय हलवा, बसवा, उभे करा, त्याच्याशी बोला. तो रडेल, चिडेल, निराश होईल. तोही आजाराचाच भाग आहे, त्यावरही उपचार आहेत. आणि या सेवेचा सगळा भार घरातल्या एकट्या बाईवर टाकू नका.

या आजाराचे सर्वांत मोठे कारण म्हणजे उच्च रक्तदाब. तो दुखत नाही, म्हणून आपण मोजत नाही. बरे वाटले की गोळ्या बंद करतो. तंबाखू आणि मिसरी सुटत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब फुकट मोजतात. येत्या जयंतीला मंडपात लाउडस्पीकरच्या शेजारी एक टेबल मांडा, एक यंत्र ठेवा आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब मोजा. खर्च फार नाही.

जोतीरावांना डावा हात कामाला लावावा लागला, कारण उजवा वाचवण्याचा मार्ग त्या काळी नव्हता. आपल्याकडे मार्ग आहे. त्यांचा निर्धार घ्या. पण वेळ दवडून त्यांची वेदना घरी आणू नका.