सुईवरची अर्धी कामे

थंडीची चाहूल लागली की साताऱ्यात दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या भगिनींच्या पिशव्यांतून लोकरीचे गुंडे डोकावू लागतात. नंबर येईपर्यंत दोन-चार ओळी होऊन जातात. मग रक्तदाब तपासताना एखादी हळूच विचारते, "डॉक्टर, माझी चार-चार कामं अर्धी पडलीयत. एक पुरं होत नाही तोवर दुसऱ्याचे टाके घालते. हा काही मनाचा आजार तर नाही ना?" घरी सासूबाई 'धरसोड' म्हणतात आणि यजमान लोकरीचा खर्च मोजतात, त्यामुळे बिचारीला अपराधी वाटू लागलेले असते.

वाचकहो, मीही विणते आणि या घडीला माझीही चार कामे सुयांवर आहेत. म्हणून आज या प्रश्नाचा थोडा विचार करू.

चार कामे कशासाठी?

प्रत्येक काम प्रत्येक वेळेला चालत नाही, हे विणणारीला सांगावे लागत नाही. जाळीच्या शालीला टाके मोजावे लागतात. ते काम दुपारी, खिडकीजवळ, सूर्यप्रकाशात करायचे. संध्याकाळी दूरदर्शनसमोर बसल्यावर सुलट्या टाक्यांचे साधे चौकोन बरे. नजर पडद्यावर असली तरी हात चुकत नाहीत. महिन्यातून एकदा मी मैत्रिणींना भेटायला रेल्वेने सांगलीला जाते, तेव्हा पर्समध्ये मावणारी कानटोपी सोबत असते. रहिमतपूर, कराड, किर्लोस्करवाडी अशी स्टेशने मागे पडेपर्यंत तिचा बराच भाग होतो. चौथे काम म्हणजे कुणालातरी कबूल केलेले काम. त्याविषयी पुढे सांगते.

शिवाय आपल्याकडचे हवामान आहेच. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उन्हात लोकर घामेजल्या तळहाताला चिकटते. तेव्हा लोकर कपाटात जाते आणि क्रोशाची सुई व सुती दोरा बाहेर येतो. तोरण, रुमाल, टेबलक्लॉथ ही उन्हाळ्यातली कामे. गणपती झाले की पुन्हा लोकर. एका ऋतूत सुरू केलेले काम दुसऱ्या ऋतूपर्यंत थांबले, तर त्यात दोष कसला?

शरीराच्या दृष्टीनेही हा बदल हिताचा आहे. एकाच जाडीच्या सुईवर, एकाच पद्धतीने तासन्‌तास विणल्याने ठरावीक स्नायूंवर आणि स्नायुबंधांवर ताण येतो. जाड सुईचे काम, बारीक सुईचे काम आणि क्रोशा यांत बोटांची पकड वेगवेगळी असते. कामाचा असा पालट झाला तर हाताला थोडी विश्रांती मिळते.

डोक्याला लागलेली टोचणी

मग त्रास कशाचा होतो? ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली बर्लिनमधील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मध्येच थांबवलेली कामे माणसाच्या अधिक लक्षात राहतात, असे त्यांना आढळले. पुढच्या सगळ्याच प्रयोगांतून तसे दिसले नाही. तरी अर्धे काम मनाला टोचत राहते, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. २०११ साली अमेरिकेतील मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांनी त्यात एक उपयुक्त भर घातली. अपुरे काम पूर्ण केले नाही, पण ते पुढे केव्हा आणि कसे करायचे हे नेमके ठरवले, तरी मनात घुसणारे विचार कमी होतात, असे त्यांना दिसले.

विणकामाला हे तंतोतंत लागू पडते. काम खाली ठेवताना एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहा: 'पाठ झाली. पुढच्या भागाला ९६ टाके. १० नंबरची सुई. रविवारी दुपारी.' चिठ्ठी त्याच पिशवीत टाका. प्रत्येक कामाला वेगळी पिशवी आणि प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी. तीन महिन्यांनी पिशवी उघडली तरी कोडे पडत नाही, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर डोक्यात टाके मोजत बसावे लागत नाही.

ज्याला थांबता येत नाही, ते आधी

चार कामांतले पहिले कोणते? माझा नियम सोपा आहे. ज्याच्यासाठी विणतो, त्याला थांबता येत नसेल तर ते पहिले. बाळंतविडा हे त्याचे उत्तम उदाहरण. बाळ आपल्या शालीची किनार पूर्ण व्हायची वाट बघत नाही. तेव्हा बाळंतविड्यात टोपी आधी, मोजे नंतर आणि शाल शेवटी. नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते आणि तेथून उष्णता बरीच जाते. कमी वजनाच्या बाळाला तर टोपी औषधासारखीच महत्त्वाची आहे.

टोपीला आतून मऊ सुती अस्तर लावा. गोंडे, मणी, सुटी बटणे आणि गळ्याशी बांधायचे लांब बंद टाळा. हातमोजे-पायमोजे आतून उलटून पाहा व लोंबणारे धागे कापा. असा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा थांबू शकतो. बाळ रडायचे थांबत नसेल तर मोजे काढून बोटे पाहावीत. बोट सुजलेले, लाल वा काळेनिळे दिसले तर क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. बाळाची मान किंवा छाती घामेजलेली लागली तर लोकरीचे कपडे कमी करावेत. पुढे बाळ मोठे होऊ लागले की उबदार घरात झोपताना टोपी नको.

हातांचे ऐका

मुदत जवळ आली की बायका रात्र-रात्र विणतात आणि मग अंगठा धरून दवाखान्यात येतात. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला हळूच वाकवल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीव्र कळ आली, तर तेथील स्नायुबंधाच्या आवरणाला सूज असण्याचा संभव असतो. स्विस शल्यविशारद डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ साली या विकाराचे वर्णन केले. आज मोबाईलमुळे तो विणकाम न करणाऱ्यांतही दिसतो, आणि तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आईतही. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांना रात्री मुंग्या येऊन झोपमोड होत असेल तर मनगटातील नस दाबली जात असावी. अशा वेळी मधुमेह आणि थायरॉईडची तपासणी करून घ्यावी, कारण या दोन्ही आजारांत हा त्रास अधिक आढळतो. बोट वाकल्यावर अडकून 'टक्' असा आवाज होऊन सुटणे, हेही मधुमेही व्यक्तींत पुष्कळदा दिसते.

दर अर्ध्या तासाने सुया खाली ठेवा. मुठी उघडा-मिटा, खांदे फिरवा, मान वर करून लांब पाहा. मोठ्या स्वेटरचे वजन सरळ सुयांवर पेलण्यापेक्षा वायरने जोडलेल्या गोल सुया वापराव्यात. मग वजन मांडीवर येते. दुखत असताना 'एवढी ओळ झाली की थांबते' असे म्हणू नये.

मैत्रिणींचे लक्ष

विणकाम सहसा कुणालातरी डोळ्यांसमोर ठेवून सुरू होते. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात देशभरातील बायकांनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले. आपला सातारा जिल्हा तर फौजींचा. अपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' याच नावाने ओळखतात. सीमेवरच्या माणसासाठी विणताना हात चालतात, पण मनात तो माणूस असतो.

विणणाऱ्या ३,५४५ जणांची जगभरातून माहिती घेऊन ब्रिटनमधील एका नियतकालिकात २०१३ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. वारंवार विणणाऱ्यांनी अधिक शांत आणि आनंदी वाटते असे सांगितले, आणि गटात बसून विणणाऱ्यांना माणसांच्या सहवासाचाही लाभ जाणवला. अर्थात ही स्वतःविषयी सांगितलेली माहिती आहे. विणकाम म्हणजे औषध, असा अर्थ तिच्यातून काढू नये.

आमचा सांगलीचा गटही असाच. कॉलेजपासूनच्या आम्ही चौघी. गप्पा, चहा, भडंग आणि मांडीवर लोकर. आमच्यातील एकीचे यजमान काही वर्षांपूर्वी अचानक वारले. त्यांचाच स्वेटर तिच्या सुयांवर होता. पहिले काही महिने तिने सुईला हात लावला नाही, यात नवल नव्हते. "ह्यांची पाठ विणून झालीय. आता पुढचं कशाला?" असे ती म्हणाली, तेव्हा आम्हीही गप्प बसलो. पण पुढे आमच्या लक्षात आले की ती नातवाची टोपीही विणत नाही, मधल्या सुटीपर्यंत पोहोचलेला रुमालही तसाच आहे. चहा गार होऊन जातो. ब्लाउज सैल झाले आहेत. पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा झोप लागत नाही.

"विणायला बस, बरं वाटेल," असे आम्ही म्हटले नाही. मी तिला बाजूला घेऊन सरळ विचारले, "अगं, जगू नये असं वाटतं का?" ती बराच वेळ रडली आणि "हो" म्हणाली. त्याच आठवड्यात आम्ही दोघी तिच्याबरोबर मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. त्या काळात रात्री तिच्या घरी आळीपाळीने कुणीतरी राहिले. औषधे सुरू झाली, बोलणे सुरू झाले. चार-पाच महिन्यांनी तिने नातवाची टोपी पूर्ण केली. यजमानांच्या स्वेटरची पाठ अजून पिशवीत आहे. तिच्या चिठ्ठीवर तिने फक्त 'राहू दे' असे लिहिले आहे. सगळीच कामे पूर्ण करायची नसतात.

असा प्रश्न विचारल्याने मनात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर बहुतेकांना मोकळे वाटते. दुःख स्वाभाविक आहे, पण दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस वाटेनासा झाला, झोप-भूक बिघडली, तर डॉक्टरांना भेटावे. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

हात थांबले तर

तेव्हा चार कामे अर्धी असणे हा आजार नव्हे. चारही कामांवरून हात उठला, तर मात्र कारण शोधायला हवे. वय झालेल्या आजी नेहमीच्या नक्षीत चुकू लागल्या तर आधी डोळे तपासा, मोतीबिंदू असू शकेल. नजर ठीक असूनही पाठ असलेली वीण विसरत असतील, तीच ओळ पुन्हा उसवत असतील, तर स्मरणशक्तीची तपासणी करावी. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने ७० ते ८९ वयाच्या १,३२१ व्यक्तींचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. विणकामासारख्या हस्तकला करणाऱ्यांत स्मृतीचे सौम्य विकार कमी आढळले. मात्र ज्यांची स्मृती शाबूत असते तेच विणत राहतात, असेही असू शकेल. कसेही असो, थांबलेला हात काहीतरी सांगत असतो.

या आठवड्यात दोनच गोष्टी करा. कपाटातल्या प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी टाका. आणि बरेच दिवस जिच्या सुया दिसल्या नाहीत, त्या मैत्रिणीकडे एकदा जाऊन या. लोकरीचा विषय नंतर काढा, आधी तिला झोप लागते का ते विचारा.