फौज साता समुद्रापार, खर्च कुणाच्या खिशातून?

इंग्लंडमधल्या शाळांत मुलांना रोज दुधाची एक छोटी बाटली फुकट मिळायची. १९४६ सालापासूनची ही पद्धत. १९६८ साली सरकारने माध्यमिक शाळांमधलं हे दूध बंद केलं. शाळा सोडण्याचं किमान वय १५ वरून १६ वर न्यायचं ठरलं होतं, तो बेतही दोन वर्षं पुढे ढकलला. (काही मुलांनी यावर टाळ्या वाजवल्या असतील, पण लॉर्ड लाँगफर्ड या मंत्र्यांनी एवढ्याच कारणावरून राजीनामा दिला!) डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांनाही पुन्हा पैसे पडू लागले.

काटकसरीच्या याच यादीत आणखी एक कलम होतं. १६ जानेवारी १९६८ रोजी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी पार्लमेंटमध्ये जाहीर केलं, की सिंगापूर, मलेशिया आणि इराणच्या आखातातलं ब्रिटिश सैन्य १९७१ अखेरपर्यंत माघारी येईल. सुएझ कालव्याच्या पूर्वेला दीडशेहून अधिक वर्षं दरारा गाजवणारं ब्रिटन म्हणत होतं, ‘आता परवडत नाही!’

मित्रांनो, सैन्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तोफा आणि रणगाडे येतात. पण सैन्याचा खरा खर्च लढाई नसतानाही चालूच असतो. जवानांना रोज जेवण लागतं, राहायला घरं लागतात, त्यांच्या मुलांना शाळा लागतात. आता हे बघा. आपल्या देवळालीच्या छावणीतला जवान पगार झाला की बाजारात जाऊन भाजी घेतो, शिंप्याकडे कपडे टाकतो. तो पैसा आपल्याच देशात फिरत राहतो. सिंगापूरमधला ब्रिटिश शिपाई मात्र तिथल्या वाण्याला, तिथल्या शिंप्याला, तिथल्या घरमालकाला पैसे द्यायचा. म्हणजे पौंड देशाबाहेर गेला. त्याच्या बदल्यात ब्रिटनमध्ये कसलाही माल आला नाही. असे पौंड बाहेर जात राहिले, आणि निर्यातीतून तेवढे परत येईनात, की परकीय चलनाची तिजोरी रिकामी होऊ लागते. १९६७ साली नेमकं तेच झालं. त्या जूनमधल्या अरब-इस्रायल युद्धामुळे सुएझ कालवा बंद पडला, पुढे गोदी कामगारांचे संप झाले, आणि १८ नोव्हेंबरला पौंडाचं अवमूल्यन करावं लागलं. एका पौंडाला २.८० डॉलर मिळायचे, ते २.४० मिळू लागले.

मग प्रश्न असा, की याआधी इतकी वर्षं ब्रिटनला हे सगळं परवडलं तरी कसं? उत्तर आपल्या घरातच आहे. पुष्कळसं बिल आपले पणजोबा-खापरपणजोबा भरत होते!

एडनचंच उदाहरण घ्या. तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेलं हे बंदर इंग्रजांनी १८३९ साली घेतलं, ते मुंबईहून पाठवलेल्या फौजेच्या जोरावर. पुढे जवळजवळ शतकभर, १९३२ पर्यंत, एडनचा कारभार मुंबई सरकारकडेच होता. ॲबिसिनियाच्या (म्हणजे आजच्या इथिओपियाच्या) राजाने कैदेत टाकलेल्या काही युरोपियनांना सोडवायला १८६७ साली मोहीम निघाली, तेव्हाही मुंबई इलाख्याचे सेनापती रॉबर्ट नेपियर इथूनच फौज घेऊन गेले. त्या मोहिमेतल्या हिंदी शिपायांचा नेहमीचा पगार कुणी द्यायचा? ठरलं असं, की हिंदुस्थानच्या तिजोरीने! त्यावर खुद्द ब्रिटिश पार्लमेंटमध्ये लॉर्ड क्रॅनबोर्न यांनी हरकत घेतली. हिंदुस्थान म्हणजे पूर्वेच्या समुद्रातली, हवे तितके शिपाई फुकट उचलून नेण्याची बराक आहे असं समजू नका, असा त्यांच्या बोलण्याचा भावार्थ होता. हेच गृहस्थ पुढे लॉर्ड सॉल्सबरी या नावाने ब्रिटनचे पंतप्रधान झाले. हरकत नोंदली गेली. रिवाज मात्र तसाच राहिला.

तीस वर्षांनी हा हिशेब मांडायला एक मराठी माणूस लंडनला गेला. १८९७ साल. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला वेल्बी आयोग नेमला होता. दादाभाई नवरोजी त्याचे एक सदस्य होते. आयोगापुढे साक्ष द्यायला पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले तिशीतले प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले. आकडेवारी तोंडपाठ, आवाज शांत. सैन्यावरचा खर्च गरीब रयतेला किती जड जातो, सरहद्दीपलीकडच्या मोहिमांचा बोजा तिच्यावर का टाकता, हे त्यांनी इंग्रजांच्याच कागदपत्रांतून दाखवून दिलं. शिक्षणासाठी पैसा नाही आणि फौजेसाठी मात्र आहे, ही तक्रार त्यांनी पुढेही वर्षानुवर्षं अर्थसंकल्पाच्या भाषणांत केली. दुधाच्या बाटलीचा प्रश्न आपल्याकडे असा खूप आधी येऊन गेला होता म्हणा ना!

दुसऱ्या महायुद्धात मात्र चक्रं उलटी फिरली. परदेशात लढणाऱ्या हिंदी सैन्याचा खर्च आपण देऊ, असं ब्रिटनने कबूल केलं. पण रोख पैसे होते कुठे? उधारी वाढत गेली आणि युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन हिंदुस्थानचं कर्जदार झालं होतं. मग स्वातंत्र्य आलं. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियातून शेवटची ब्रिटिश पलटण बोटीत चढली.

इतकं होऊनही तळ कायम राहिले. सिंगापूरचा नाविक तळ १९३८ साली सुरू झाला होता. त्यावर सुमारे ६ कोटी पौंड खर्च झाले होते. हा किल्ला अभेद्य आहे असं सांगितलं जायचं; १५ फेब्रुवारी १९४२ रोजी जपान्यांनी तो घेतला. युद्धानंतर तो पुन्हा ब्रिटनकडे आला. १९६३ ते १९६६ या काळात इंडोनेशियाने मलेशियाशी भांडण काढलं, तेव्हा ब्रिटनने त्या भागात पन्नास हजारांहून अधिक माणसं ठेवली होती. आता ना बराक फुकट होती, ना शिपाई.

पण थांबा. सगळाच हिशेब इतका सरळ नाही. आखातातल्या तळांवर ब्रिटनचे वर्षाला साधारण १ कोटी २० लाख पौंड खर्च होत होते. तिथल्या तेलात गुंतलेल्या ब्रिटिश पैशाच्या मानाने ही रक्कम किरकोळच. शिवाय नोव्हेंबर १९६७ मध्ये गोरॉनवी रॉबर्ट्स हे मंत्री तिथल्या शेखांना ‘आम्ही इथेच आहोत’ असं सांगून आले होते. दोन महिन्यांनी तेच मंत्री ‘आम्ही निघालो’ हे सांगायला परत गेले! तेव्हा अबुधाबीच्या शेख झायेद यांनी, सैन्याचा खर्च आम्ही देतो, अशी तयारी दाखवली. संरक्षणमंत्री डेनिस हीली यांनी ती धुडकावली. आमचे सैनिक भाडोत्री नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

मग ‘परवडत नाही’ याचा अर्थ काय? मला वाटतं, इथे आकड्यांपेक्षा राजकारण मोठं होतं. विल्सन यांच्या मजूर पक्षाच्या खासदारांना मुलांचं दूध आणि आजाऱ्यांची औषधं यांवरची कात्री गिळायला लावायची, तर साम्राज्याच्या जुन्या थाटालाही कात्री लावणं भाग होतं. नुसतं दूध तोडून तळ ठेवले असते, तर पक्षातलेच लोक बिथरले असते.

तिकडे सिंगापूरच्या पोटात गोळा उठला. देशाच्या उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा या तळांमुळे येत होता. हजारो कामगारांची रोजीरोटी त्यावर होती. त्यांत आपल्या केरळातून गेलेली कुटुंबंही पुष्कळ होती. पंतप्रधान ली क्वान यू तडक लंडनला धावले आणि त्यांनी काही महिन्यांची मुदत वाढवून घेतली. रडत बसायला वेळ नव्हता. नाविक गोदीचं १९६८ सालीच जहाजं दुरुस्त करणाऱ्या सेंबावांग शिपयार्डमध्ये रूपांतर झालं. चांगीच्या विमानतळावरून पूर्वी लष्करी विमानं उडायची. तिथे १९८१ साली आजचा प्रसिद्ध नागरी विमानतळ सुरू झाला.

यजमानाने खर्च उचलायचा, ही शेख झायेद यांची कल्पना मात्र जगाने पुढे मुकाट्याने स्वीकारली. अमेरिकन सैन्याच्या खर्चातला वाटा जपान १९७८ पासून आणि दक्षिण कोरिया १९९१ पासून उचलत आले. तो वाटा किती असावा, यावरून त्यांची अमेरिकेशी दर काही वर्षांनी घासाघीस होते. आणि ब्रिटन? १९७१ साली सोडलेल्या बहारीनमध्ये ब्रिटनने २०१८ साली पुन्हा नाविक तळ उघडला. तो बांधण्याचा बराचसा खर्च बहारीनच्या राजाने दिला.