जड टायर आणि रिकामी गाडी

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया होतात आणि त्या वाहणाऱ्या ट्रकची चाकं टायरच्या दुकानात सतत उतरत असतात. टॉमी नावाच्या पहारीने लॉक रिंग उचकटायची, मग टायर, ट्यूब, फ्लॅप बाहेर ओढायचे. लोखंडी डिस्कसकट असं एक चाक शंभर किलोच्या आसपास जातं. माल जड म्हणून टायरही जड हवा, हा मालकांचा हिशेब असतो. 2018 मध्ये चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा 10.2 वरून 11.5 टनांवर गेली, त्यामुळे तो हिशेब चुकीचाही म्हणता येत नाही. टायर भार पेलणाराच हवा. पण गरजेपेक्षा मोठा आणि जड टायर ब्रेकच्या मुळावर येतो, हे मात्र हिशेबात धरलं जात नाही.

फिरणाऱ्या वजनाचा जेवढा बाऊ केला जातो, तेवढा त्याचा परिणाम मोठा नाही. दहा चाकांवर प्रत्येकी 15 किलो वाढले तर वाढ 150 किलोंची. चाक फिरतं म्हणून तिचा परिणाम फार तर दुप्पट धरा. 28.5 टनांच्या भरलेल्या गाडीत ते जेमतेम 1 टक्का. खरा फरक उंचीचा आहे. 10.00-20 च्या जागी 11.00-20 बसवला की व्यास सुमारे 3 टक्के वाढतो. ड्रम, लायनर, हवेचा दाब तेच. पण लांबलेल्या त्रिज्येमुळे रस्त्यावर पोचणारी ब्रेकची ताकद तेवढीच घटते. वर स्पीडोमीटरही खरा वेग कमी दाखवतो.

‘जाड टायर रस्ता घट्ट धरतो,’ असं यावर सांगितलं जातं. पण चाक रस्त्याला टेकलेलं असेल तरच तो धरणार ना? माल उतरवून गाडी रिकामी परतते तेव्हा कडक पाटे दबत नाहीत, आणि पाट्यांखालचं वजन जितकं जास्त तितकं चाक खड्ड्यावरून जास्त उसळतं. त्या क्षणी ब्रेक दाबला तर ते जागीच लॉक होऊ शकतं आणि मागची बाजू घसरू शकते. म्हणून माझ्या मते या टायरची परीक्षा रिकाम्या गाडीवरच व्हायला हवी.

टायर घेताना प्लाय मोजून थांबू नका. भारांक आणि व्यास कंपनीने दिलेल्या मापाशी ताडून पाहा, आणि चाकं बदलल्यावर रिकाम्या गाडीचे ब्रेक तपासल्याशिवाय तिला समृद्धी महामार्गावर नेऊ नका.