एकाच भांड्यातले चॉकलेट

मुलांनी खाऊ मागितला की आपण दुकानातून दोन-चार गोळ्या आणतो. त्यांना आपण सरसकट 'चॉकलेट' म्हणतो. पण रंगीत कागदातली प्रत्येक गोळी म्हणजे काही चॉकलेट नव्हे.

मालेगाव तालुक्यातले रावळगाव तुम्हाला ऐकून माहीत असेल. तिथे वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली साखर कारखाना उभारला. १९४२ पासून तिथे गोळ्याही होऊ लागल्या. ती गोळी साखरेच्या पाकाची. चॉकलेटची जात वेगळी. ते कोकोच्या बियांपासून होते. कोकोचे झाड मूळचे अमेरिका खंडातले. त्याची फळे थेट खोडाला लागतात. आतल्या बिया आंबवतात, वाळवतात, भाजतात आणि दळतात. आता केरळ, कर्नाटक, तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशातही कोकोची लागवड होते.

या चॉकलेटचा एक पदार्थ आज आम्ही सांगणार आहोत. त्याचे नाव फॉन्ड्यू. नाव परदेशी आहे. अर्थ सोपा आहे : वितळवलेले.

हा पदार्थ आला कुठून?

युरोपात स्वित्झर्लंड नावाचा डोंगराळ देश आहे. तिथे थंडी फार. तिथले लोक चीज वितळवतात. चीज म्हणजे दुधापासून केलेला घट्ट, टिकाऊ पदार्थ. भांडे मध्ये ठेवतात. सगळे भोवती बसतात. पावाचा तुकडा काडीला टोचून त्यात बुडवतात आणि खातात. ज्याचा तुकडा भांड्यात पडेल, त्याला गमतीची शिक्षा! पुढे १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरी एका स्विस खाणावळीतून चॉकलेटचे फॉन्ड्यू पुढे आले.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याला कशाला? पण उसाच्या गुऱ्हाळावर काय होते ते आठवा. गरम काकवी निघाली की सगळे कढईभोवती जमतात. तसलाच हा प्रकार. शिवाय आपल्या म्हसावद-शहादा भागात केळी आणि पपई पिकते. बुडवायला याहून चांगले काय हवे?

साहित्य (सहा माणसांसाठी)

चॉकलेटची वडी २०० ग्रॅम. दूध अर्धा कप, म्हणजे सुमारे १०० मिलिलिटर. थोडी साय असली तर उत्तम. चार केळी. पिकलेल्या पण घट्ट पपईच्या फोडी. टोस्ट किंवा खारी. बांबूच्या स्वच्छ काड्या. प्रत्येकाला एक वाटी.

वडी विकत घेताना वेष्टन वाचा. आता तुम्हाला वाचता येते, मग दुकानदाराला का विचारायचे? किंमत पाहा. तारीख पाहा. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असेल तर वस्तू शाकाहारी. इंग्रजी मजकूर असेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या. आत 'कोको बटर', म्हणजे कोकोचे लोणी, आहे की नुसते वनस्पती तेल आहे, हे तिथे लिहिलेले असते.

कोकोचे लोणी आपल्या अंगाच्या उष्णतेहून थोड्या कमी उष्णतेलाच वितळते. म्हणून खरे चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळते. आणि म्हणूनच वैशाखात ते दुकानातच मऊ पडते. पुन्हा घट्ट झाले की वर पांढरट थर दिसतो. तो बहुधा वर आलेल्या कोकोच्या लोण्याचा असतो. बुरशी मात्र केसाळ दिसते आणि तिला वास येतो. तसे दिसले तर वडी टाकून द्या.

कृती

१. चॉकलेटचे बारीक तुकडे करा. भांडे, सुरी, हात, सगळे कोरडे हवे.

२. दूध उकळा. उकळते दूध एकदम तुकड्यांवर ओता. दोन मिनिटे हात लावू नका.

३. आता मधून सुरुवात करून हळूहळू ढवळा. गुळगुळीत, चकचकीत रस होईल.

४. मोठ्या पातेल्यात गरम पाणी घ्या. त्यात हे भांडे ठेवा, म्हणजे रस लवकर घट्ट होणार नाही.

भांडे थेट चुलीवर ठेवू नका. चॉकलेट चटकन करपते. आणि पाण्याचा थेंब त्यात पडू देऊ नका. असे का? चॉकलेट म्हणजे लोण्यात मिसळलेली कोकोची आणि साखरेची पूड. थोडेसे पाणी लागले की पूड चिकटते आणि गोळा होतो. तसे झालेच तर घाबरू नका. चमचा-चमचा गरम दूध घालून ढवळत राहा. रस पुन्हा सरळ होतो. थोड्या पाण्याने बिघडते, पुरेशा दुधाने सुधारते!

फळे धुऊन, फडक्याने पुसून घ्या. केळी आयत्या वेळी कापा, नाहीतर काळी पडतात.

वडी महाग वाटली तर

साध्या कोको पावडरचाही रस होतो. चार मोठे चमचे कोको पावडर, सहा चमचे साखर आणि दीड चमचा कॉर्नफ्लॉवर कोरडेच मिसळा. थोड्या थंड दुधात कालवा. गुठळी राहू देऊ नका. मग अर्धा लिटर गरम दुधात ओता आणि मंद आचेवर पाच मिनिटे ढवळा. उतरवून एक चमचा लोणी घाला. यात गूळ घालू नका. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटण्याची भीती असते.

उष्टे आणि विटाळ

आता मुख्य गोष्ट. एका भांड्यातून सगळ्यांनी खायचे, मग उष्ट्याचे काय? ही शंका रास्त आहे. तोंडात घातलेली काडी पुन्हा भांड्यात घालू नये. त्याने रोग पसरतो. उपाय सोपा आहे. मोठ्या चमच्याने रस आपापल्या वाटीत घ्यावा आणि काडी वाटीतच बुडवावी. आधी हात साबणाने धुवावेत.

पण उष्टे वेगळे आणि विटाळ वेगळा. उष्टे टाळणे म्हणजे स्वच्छता. अमक्या जातीच्या माणसाचा हात लागला म्हणून भांडे बाटले, असे मानणे म्हणजे अन्याय. देशाच्या घटनेने १९५० साली अस्पृश्यता बंद केली. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपुरात काला होतो. कुणी कुणाची जात विचारून काला वाटत नाही. आपल्या ओट्यावरही तसेच व्हावे. शेजाऱ्याला बोलवा, शेतावर राबणाऱ्या गड्यालाही बोलवा. चमचा सगळ्यांसाठी एकच.

आणखी एक. आपल्याकडे पुरुष आधी जेवतात, मुले जेवतात, आणि रांधणारी बाई उरलेसुरले खाते. फॉन्ड्यूत हे चालत नाही. रस निवला की गंमत संपली. म्हणून सगळ्यांनी एकाच वेळी बसायचे. आईनेही, सुनेनेही. ढवळायचे काम भाऊंनी किंवा काकांनी करावे. त्याला काही फार कसब लागत नाही. ज्याचा तुकडा पडेल, त्याने एक गाणे म्हणावे!

लक्षात ठेवा

– गरम रस अंगावर सांडला तर पोळते. लहान मुलांना भांड्यापासून दूर बसवा.
– मधुमेह असलेल्यांनी जपून खावे. हा सणावाराचा पदार्थ, रोजचा नव्हे.
– कुत्र्याला चॉकलेट घालू नका. त्याला ते विषासारखे बाधते.
– उरलेला रस झाकून थंड जागी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुधात घालून संपवा. उन्हाळ्यात मात्र त्याच दिवशी संपवा.

विचार करा : तुमच्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते? का?