वारा, छोटीं विमानें आणि मोडतोडीचा हिशेब

परंडा तालुक्यांतील सोनारी म्हटलें कीं बहुतेकांस भैरवनाथाचें देऊळ आठवतें. परंतु ज्वारी निघाल्यावर तिकडील मोकळीं रानें पाहिलीं, तर दूरनियंत्रणानें उडणाऱ्या छोट्या विमानांस असें मैदान शहरांत क्वचितच मिळेल असें वाटतें. अडचण एकच, आणि ती म्हणजे वारा. अशा वाऱ्यांत विमान सोडावें कीं नाहीं, हा प्रश्न धाडसाचा मानला जातो. वस्तुतः तो घरखर्चाच्या वहीइतकाच हिशेबाचा आहे.

विमानास आधार मिळतो तो जमिनीवरील वेगामुळें नव्हे, तर हवेशीं असलेल्या वेगामुळें. १७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंचें पहिलें उड्डाण १२ सेकंदांत १२० फूट झालें. एखादा मनुष्य सहज बरोबर धांवेल एवढाच हा वेग. परंतु समोरून ताशी वीस मैलांहून अधिक वारा होता, म्हणून यंत्र उचललें गेलें. त्याच दिवशीं चौथ्या उड्डाणानंतर तें जमिनीवर उभें असतांना एका झोतानें उलथलें व मोडलें.

आतां छोट्या विमानाचें पाहूं. हवेंत त्याचा वेग ताशी ४० किलोमीटर आणि वारा २५ असेल, तर वाऱ्याविरुद्ध तें जमिनीवरून १५ च्या गतीनें सरकेल, वाऱ्याबरोबर ६५ च्या. एक किलोमीटर वाऱ्याबरोबर जाण्यास एक मिनिटहि लागत नाहीं, परत येण्यास मात्र चार मिनिटें लागतात; आणि बॅटरी तेवढ्यांत संपली तर विमान कोणाच्या तरी उसांत शोधावें लागतें. आघाताची शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते. म्हणून वाऱ्याविरुद्ध उतरतांना बसणाऱ्या धक्क्याच्या अठरा पटींहून अधिक धक्का वाऱ्याबरोबर आपटतांना बसतो. धसकटांनीं भरलेल्या रानांत याचा अर्थ काय होतो, हें सांगावयास नको.

एकसारखा वारा तितका घातक नसतो. घातक असतात ते झोत. झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला भोंवरे फिरतात. जमिनीलगत वारा मंद असल्यामुळें उतरतें विमान शेवटच्या कांहीं फुटांत एकाएकीं हवेचा वेग गमावतें आणि धपकन् बसतें. जाणते लोक म्हणूनच उतरतांना वेग थोडा जास्त ठेवतात. रात्रीं जमीन थंड झाल्यामुळें पहांटेची हवा स्थिर असते. ऊन चढलें कीं वरचा जोरदार वारा खालीं मिसळूं लागतो, आणि उन्हाळ्यांत वावटळी उठतात. पानें सतत हालत असलीं तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर. धूळ व कागद उडूं लागले तर २० ते २८. ही खूण कोणत्याहि उपकरणावांचून कळते.

आतां पैशांचें. समजा, शांत हवेंत पन्नास उड्डाणांस एक अपघात होतो, वाऱ्यांत दहांस एक, आणि दुरुस्तीस सरासरी १,००० रुपये लागतात. मग प्रत्येक शांत उड्डाणाचा छुपा खर्च २० रुपये, वाऱ्यांतील उड्डाणाचा १००. शंभर रुपयांत वाऱ्याशीं झुंजण्याचें शिक्षण स्वस्तच, असें कोणी म्हणेल. परंतु सरासरी ही पुष्कळ वेळां मोडतोड सोसूं शकणाऱ्याचा दिलासा आहे. ज्या मुलानें वर्षभर पैसे सांठवून एकच विमान घेतलें, त्याचा पहिलाच अपघात शेवटचा ठरूं शकतो.

येथें एक विचित्र पेंच आहे. हलकें, स्वस्त विमान मोडलें तरी हळहळ थोडी, पण वारा त्यास पाचोळ्यासारखें फेंकतो. पंखांच्या मानानें जड विमान वाऱ्यांत सरळ जातें, पण तें बहुधा महागच असतें. यांतून मार्ग काढला तो फोमच्या, शेंपूट नसलेल्या, लहान पंखाच्या वेगवान विमानांनीं. त्यांत मोडण्याजोगे भाग थोडे, मोटर मागें असल्यानें बचावते आणि चीर पडली तर गोंद व चिकटपट्टी पुरते.

यात्रेच्या गर्दीजवळ मात्र हा हिशेब मांडूंच नये; तेथें जोखीम चालकाची राहत नाहीं, दुसऱ्याच्या डोक्याची होते. २०२१ च्या ड्रोन नियमांतहि खेळाचें किंवा अभ्यासाचें विमान २५ किलोपर्यंतचें आणि नजरेच्या टप्प्यांत उडणारें, असेंच धरलें आहे. वाऱ्यांत तो टप्पा फार लवकर संपतो. म्हणून विमान आपल्यापासून वाऱ्याच्या उगमाकडील बाजूस ठेवावें, म्हणजे यंत्र बंद पडलें तरी तें वाहत वाहत चालकाकडेच येतें.