गावातल्या सुतारांनी एकत्र यावं कशाला? सामाईक सुतारशाळेचा हिशोब समजून घ्या

नांगर, कुळव, तिफण, बैलगाडीचं चाक... एकेकाळी गावात सुतार नसला तर पेरणीच अडायची. बारा बलुतेदारांत त्याचा मान होता आणि सुगीला खळ्यावरचं धान्य त्याच्या वाट्याला ठरलेलं असायचं. आता औतं लोखंडी झाली, नांगरट ट्रॅक्टरनं होते आणि लग्नातलं कपाट तालुक्याच्या दुकानातून येतं. मग वाकस, रंधा, पटाशी माळ्यावर जातात आणि पोरगं पुण्या-मुंबईत ठेकेदाराकडे मजुरीला लागतं.

पण काम संपलेलं नाही. चौकटी, दारं-खिडक्या, देव्हारे, पलंग, दुरुस्त्या ही कामं निघतातच. अडचण वेगळी आहे. एकट्याला मशीन परवडत नाही, जुन्या माणसाचा हात मशीनवर बसलेला नाही आणि नव्या पोराला लाकडाची पारख नाही. चार-पाच जण एकत्र आले तर ही कोंडी फुटू शकते.

जागा एक, वही एक

करवत, पटाशी, रंधा, गुण्या ही हातातली हत्यारं ज्याची त्यानं ठेवावीत. शिकंजे, टेबल करवत, रंधा मशीन अशा महागड्या वस्तू वर्गणीतून घ्याव्यात. काय नेलं, कधी परत आणलं, हे वहीत लिहायचं. ब्लेड मोडलं तर खर्च कोणाचा आणि वीजबिल कसं वाटायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. भांडणं इथूनच सुरू होतात.

कोणी कोणाला काय शिकवायचं?

आठवड्यातून एक संध्याकाळ शिकण्यासाठी ठेवा. जुन्या कारागिरानं धार लावणं दाखवावं. पटाशीची धार साधारण २५ ते ३० अंशांत ठेवतात. बोथट हत्याराला जोर जास्त लागतो, ते सटकतं आणि हात कापतो. खिळा न मारता जोड कसा बसवायचा, म्हणजे एका लाकडाला चौकोनी भोक पाडून दुसऱ्याचं टोक त्यात घट्ट कसं ठोकायचं, हेही त्यांच्याकडूनच शिकावं. तरुणांनी मोबाइलवर मापाचं चित्र काढणं, खर्चाचा अंदाज लिहून देणं आणि केलेल्या कामाचे फोटो गिऱ्हाइकाला पाठवणं शिकवावं.

ओलं लाकूड, घाट्याचं काम

पावसाळ्यात दार फुगतं, उन्हाळ्यात फळीला भेग पडते. लाकूड लांबीत फारसं बदलत नाही, पण रुंदीत फुगतं आणि आकसतं. म्हणून फळ्या सावलीत, वारा लागेल अशा जागी, दोन थरांमध्ये लाकडी पट्ट्या घालून रचाव्यात. टोकांकडून ओल लवकर उडते आणि तिथंच तडे जातात, म्हणून टोकांना रंग किंवा मेण लावावं. लाकूड वाळलं का, हे बघायला एक सोपी युक्ती आहे. त्याच ढिगातला एक तुकडा दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड कामाला तयार.

जीव आधी, काम नंतर

फिरत्या पात्याजवळ हातमोजे, सैल बाही, गळ्यातला गमछा नको. पात्यात अडकला तर हातच ओढला जातो. लाकडाची बारीक भुकटीही साधी समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तिची नोंद कर्करोगकारक म्हणून केली आहे. मास्क लावा आणि खोली हवेशीर ठेवा.

सरकारी योजनेत काय मिळतं?

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात सुतारकामही आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत ई-व्हाउचर मिळतं. विनातारण कर्ज आधी १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत, ५ टक्के व्याजानं. अर्जदाराचं वय किमान १८ हवं. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो, सरकारी नोकरदाराच्या कुटुंबाला नाही. अर्ज सीएससी केंद्रातून भरतात आणि पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते. जाण्याआधी नोंदणी सध्या सुरू आहे का, हे केंद्रात विचारून घ्या.

लक्षात ठेवा, लाभ व्यक्तीच्या नावावर असतो, गटाच्या नाही. कर्ज ज्यानं घेतलं त्यालाच फेडायचं आहे. गटाच्या मशीनसाठी एकाच्या डोक्यावर बोजा टाकू नका.

झाड तोडण्याआधी

शेतातलं झाड आपलं असलं तरी साग, आंबा, खैर अशी काही झाडं विनापरवाना तोडता येत नाहीत; १९६४ चा राज्याचा कायदा लागू होतो. ओंडके चिरायचं आरा यंत्र बसवायलाही वनखात्याचा परवाना लागतो. लाकूड विकत घेताना पावती मागा आणि जपून ठेवा.

सुरुवात मोठी नको. तीन घरं, एक पडवी, एक वही आणि एक सामाईक मशीन एवढ्यावर वर्षभर चालवून बघा. हिशोब चोख राहिला तर पुढचं मशीन घेता येईल. आणि माळ्यावरची पटाशी आजच खाली काढा, ती वापरायची कशी हे सांगणारं माणूस अजून गावात आहे तोवर.