सोलरचा गरम पाइप झाकताय? आधी या चार गोष्टी पाहा

अहिल्यानगरमध्ये (पूर्वीचं अहमदनगर) हिवाळ्यात पारा अनेकदा १० अंशांखाली जातो. अशा वेळी गच्चीवरच्या सोलर टाकीतलं पाणी उघड्या पाइपमधून बाथरूमपर्यंत येताना बरंच निवतं. शिवाय हाताला लागेल असा गरम लोखंडी पाइप लहान मुलांना चटका देऊ शकतो. म्हणून पाइप झाकणं चांगलंच, पण ते नीट व्हायला हवं.

१. क्लॅम्प आवळू नका. गरम झाल्यावर पाइप लांबतो. १० मीटरचा सीपीव्हीसी पाइप ४० अंशांनी तापला, तर सुमारे अडीच सेंटीमीटर वाढतो. ही वाढ अडली की पाइप वाकतो, जोड गळू लागतात. पाइपला आधार हवा, पण सरकायला जागाही हवी.

२. आधी फोम, मग बॉक्स. नुसत्या बॉक्सने उष्णता फारशी टिकत नाही. पाइपवर रबर फोमची नळी चढवा. गच्चीवर तिला उन्हापासून वाचवणारं ॲल्युमिनियमचं आवरण हवंच.

३. बॉक्स उघडता यावा. व्हॉल्व्ह आणि जोडांपाशी स्क्रूने काढता येईल असं झाकण ठेवा. नाहीतर छोट्या गळतीसाठी टाइल्स फोडाव्या लागतील. बॉक्स बंद करण्याआधी पाणी सोडून गळती तपासा.

४. व्हेंट पाइप मोकळाच ठेवा. टाकीवरच्या या उभ्या नळीतून वाफ आणि हवा बाहेर पडते. तिचं तोंड बंद झालं, तर दाब वाढून टाकी फुटू शकते.